भय, अद्भुत आणि विज्ञान: अलीकडच्या कादंबऱ्यांबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला आम्ही काही वाचनवेडे रंकाळ्याच्या बाजूला एका गच्चीवर जमतो. एकमेकांची पुस्तकं न्यायची-आणायची आणि चहा येईपर्यंत भांडायचं, एवढाच कार्यक्रम. नवीन येणारे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. निवड माझी आहे. गच्चीवरच्या सगळ्यांना ती मान्य आहे असं अजिबात नाही.

‘अलीकडच्या’ म्हणजे नेमक्या कधीच्या?

साधारण २०१५ नंतरच्या. मधूनमधून जुनी नावं येतील, कारण धारप-नारळीकरांना वगळून मराठीत या विषयावर बोलताच येत नाही.

आयुष्यात असलं काही वाचलेलं नाही. कुठनं सुरू करू?

एरवी तुम्हाला काय आवडतं, त्यावर आहे.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारं कुणी विचारलं, की मी डोळे झाकून अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) हातात देतो. सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव सापडलेत आणि सूर्य हळूहळू मंदावतोय. शाळेत विज्ञान शिकवणारा एक माणूस अंतराळयानात जागा होतो. सोबतचे दोघे मेलेले, आणि याला स्वतःचं नावही आठवत नाही. तिथून पुढे एक अडचण सुटली की दुसरी उभी: हे मोजायचं कशानं, ते जोडायचं कसं, एवढा दाब ही भिंत सोसेल का. फौंड्रीत रिजेक्शन का वाढलं याचा माग काढण्यात ज्यानं रात्रपाळ्या घालवल्यात, त्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. आमच्यातला एक लेथवाला तर पेन्सिल घेऊनच वाचायला बसला. लेखकाचं उत्तर बरोबर येतंय का, हे त्यानं समासात हिशेब मांडून तपासलंय. एके ठिकाणी ‘बरोबर’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात, एके ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. ती प्रत अजून फिरते. शक्यतो तीच मागा.

‘मृत्युंजय’ची पारायणं केली असतील तर मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ (२०१८) घ्या. शिवाजी सावंत आपल्याच जिल्ह्यातले, आजऱ्याचे. १९६७ साली त्यांनी कर्णाला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं, तेव्हा महाभारत पाठ असलेली माणसंसुद्धा चरकली होती. मिलरनं ग्रीक पुराणातल्या एका दुय्यम देवतेला तसंच बोलतं केलंय. खलाशांची डुकरं करणारी चेटकीण, एवढीच जिची ओळख होती, ती बेटावरच्या हद्दपारीत आपली कहाणी सांगते.

आणि बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या जुन्या पिढीसाठी रॉबर्ट जॅक्सन बेनेटची ‘द टेंटेड कप’ (२०२४). खुनाचा तपास आहे, पण खून झालाय तो माणसाच्या शरीरातून झाड उगवून. तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते. पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा तरुण मदतनीस बाहेर हिंडून माहिती आणतो. त्यात दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी किनाऱ्यावर चालून येतात आणि अख्खं साम्राज्य भिंत सांभाळण्यात गुंतलेलं असतं. विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीचा २०२५ चा ह्यूगो पुरस्कार हिलाच मिळाला.

चांगली कादंबरी आणि नुसतीच भुताखेतांची पोतडी, यातला फरक कसा ओळखायचा?

माझी कसोटी एकच आहे. लेखकानं सुरुवातीला एक अशक्य गोष्ट खरी मानायला सांगितली, ती आपण मानली. आता तिचे नियम त्यानं शेवटपर्यंत पाळले पाहिजेत. भूत उंबरा ओलांडू शकत नाही म्हणालात ना, मग शेवटच्या प्रकरणात नायिकेला घाबरवायची गरज पडली म्हणून ते आत येता कामा नये. वाचक भुतावर विश्वास ठेवायला एका पायावर तयार असतो. फसवणूक मात्र त्याला लगेच कळते.

या कसोटीला उतरणारं सर्वांत देखणं पुस्तक म्हणजे सुझाना क्लार्कची ‘पिरानेसी’ (२०२०). एक माणूस अफाट घरात राहतो. दालनामागून दालन, त्यांत हजारो पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्राची भरती-ओहोटी आणि वरच्या मजल्यांवर ढग. त्याच्या माहितीत जिवंत माणूस आणखी एकच. तो रोजनिशी लिहितो आणि कोणत्या दालनात पाणी कधी चढेल याचं काटेकोर कोष्टक ठेवतो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे दर तासाला बघणारी, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे झोपेतही सांगणारी आपण माणसं. त्या कोष्टकामागचा जीव आपल्याला लगेच उमगतो. हे घर काय आहे, हा इथं आला कसा, याची उत्तरं मिळतात आणि ती आधीच्या एकाही पानाला खोटं पाडत नाहीत. २०२१ चं विमेन्स प्राइज हिला मिळालं. पहिली काही पानं कळत नाहीत अशी तक्रार बहुतेक जण करतात. त्या निवेदकालाही फारसं कळलेलं नसतं, त्यामुळे रेटून पुढं जा.

नारायण धारप आता जुने झाले का हो?

अहो, कसले जुने! १९२५ चा जन्म, २००८ ला गेले आणि वाचनालयात त्यांची पुस्तकं अजून जाग्यावर सापडत नाहीत. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे सांगून काही जण नाक मुरडतात. मला ती तक्रार अर्धीच पटते. कल्पना बाहेरची होती हे खरं, पण वाडा, दिवेलागण, शेजारची चौकस म्हातारी, तालुक्याचा डॉक्टर हे सगळं इथलं होतं. भीती वाटते ती याच गोष्टींमुळे. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातल्या म्हातारीचं मूळही धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे.

त्यांचं खटकतं ते वेगळंच. ‘समर्थ’ मालिकेत संकट कितीही मोठं असो, समर्थ येऊन सोडवणार हे आधीच ठाऊक असतं, मग भ्यायचं कशाला? जिथं असा कुणी पाठीराखा नाही, ते धारप आधी वाचा.

मग आज मराठीत भयकथा लिहितंय तरी कोण?

हृषीकेश गुप्ते. हे नाव आधी लिहून घ्या. ‘दंशकाल’ ही त्यांची जाड कादंबरी एका घराण्याची गोष्ट आहे. त्यात भुताइतकीच घरातली माणसं अंगावर येतात, किंबहुना जास्तच. घरातले ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत, तरी त्या माजघरात पाऊल टाकू नये असं वाटत राहतं. भाषा संथ आणि घट्ट आहे, बसमध्ये चाळण्यासारखी नाही. एवढं मोठं नको असेल तर ‘हाकामारी’ घ्या, लहान आहे. रात्री दाराशी येऊन नावानं हाक मारणारी बाई आणि तिला ओ दिली की संपलं, ही समजूत आपल्याकडच्या आज्यांनाही माहीत आहे. लहानपणी ऐकलेल्या अशा गोष्टीला मोठेपणी हात घालणं अवघड असतं. ती एक तर हास्यास्पद होते, नाही तर अभ्यासाचा विषय होते. गुप्ते दोन्ही टाळतात.

रत्नाकर मतकरी २०२० साली गेले. त्यांच्या गूढकथा या पानाच्या विषयाबाहेरच्या, कारण त्या कथा आहेत. तरीही ‘खेकडा’ वाचली नसेल तर आधी ती वाचा, बाकी सगळं नंतर.

घाबरायचंय, पण रक्तबिक्त नको. काय वाचू?

सिल्विया मोरेनो-गार्सियाची ‘मेक्सिकन गॉथिक’ (२०२०). १९५० च्या दशकातला मेक्सिको. शहरातली नटवी, हुशार मुलगी चुलतबहिणीचं विचित्र पत्र आलं म्हणून डोंगरातल्या एका वाड्यावर जाते. वाडा चांदीच्या खाणीवर गब्बर झालेल्या इंग्रज कुटुंबाचा. धुकं, ओल, भिंतींवरची बुरशी, आणि जेवताना कुणी बोलायचं नाही असा नियम. आषाढात ज्यांच्या घरातल्या भिंती पाझरतात, त्यांनी उन्हाळ्यातच वाचून संपवावी. अगदीच रक्तहीन नाही, पण सोसण्यासारखी आहे.

मारियाना एन्रिकेझची ‘अवर शेअर ऑफ नाइट’ मात्र या प्रश्नाच्या उत्तरात बसत नाही. अर्जेंटिनाची लष्करी हुकूमशाही, माणसं गायब होण्याचे ते दिवस, आणि अंधाराची पूजा करणारा धनदांडग्यांचा पंथ. बाप आपल्या मुलाला त्या पंथाच्या हाती लागू नये म्हणून धडपडतो. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सर्वांत ताकदवान भयकादंबरी आहे. पण लहान मुलांवरचे अत्याचार त्यात आहेत, आणि आमच्यातल्या दोघींनी पुस्तक मिटवून परत दिलं. त्यांचं काही चुकलं नाही.

नारळीकर कोल्हापूरचे होते ना?

जन्म इथलाच, १९ जुलै १९३८ चा. वाढले मात्र बनारसला, कारण वडील तिथं हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. तिथल्या घरी मामा फळ्यावर खास भाच्यासाठी गणिती कोडं लिहून ठेवत आणि भाचा ते सोडवेपर्यंत फळा पुसला जात नसे. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. नाव बघून परीक्षकांनी झुकू नये म्हणून आपलीच आद्याक्षरं उलटी केली, आणि बक्षीस मिळवलं.

कादंबऱ्यांत ‘वामन परत न आला’ आज वाचाच. जमिनीच्या पोटात खोलवर एक पेटी सापडते. तिच्यात एका लयाला गेलेल्या प्रगत संस्कृतीनं ठेवलेलं ज्ञान, आणि त्यावरून तयार होणारा यंत्रमानव. ऐंशीच्या दशकातलं पुस्तक आहे. पण हुशार यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रं बनवू द्यायची का, हा त्यातला पेच सध्या रोज वर्तमानपत्रात असतो. पात्रं थोडी कोरडी वाटतील आणि संवाद व्याख्यानाच्या अंगानं जातील, हे धरून चाला.

‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ फार अवघड आहे म्हणे?

विज्ञान अवघड नाही, नावं अवघड आहेत. पहिल्या पानावर चिनी नावांची यादी स्वतःच्या हातानं लिहून ठेवा, निम्मं काम होतं.

लिऊ त्सिशिन यांची ही कादंबरी चीनमध्ये २००६ साली क्रमशः आली, २००८ ला पुस्तक झालं. इंग्रजी अनुवाद २०१४ चा. २०१५ चा ह्यूगो तिला मिळाला, आणि कादंबरीसाठीचा तो पुरस्कार अनुवादित पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. इंग्रजी आवृत्ती सांस्कृतिक क्रांतीपासून सुरू होते. भर सभेत एका भौतिकशास्त्रज्ञाला त्याच्याच मुलीसमोर मारून टाकतात. ती मुलगी पुढे शास्त्रज्ञ होते आणि एके दिवशी माणसांबद्दल असा निर्णय घेते की मालिकेच्या तिन्ही भागांतलं सगळं त्यातून निघतं. परग्रहावरचे लोक आहेत, पण गोष्टीचं इंजिन त्या मुलीचा राग आहे.

नावातला प्रश्न खरा आहे. दोन गोलांची एकमेकांभोवतीची चाल गणितानं कायमची सांगता येते. तिसरा आला की लांबच्या काळाचं भाकीत कोलमडतं. असे तीन सूर्य ज्यांच्या आकाशात आहेत, त्यांचं जगणं कसं असेल? हा भाग लेखकानं संगणकावरच्या खेळातून उलगडलाय आणि तो निव्वळ अफलातून आहे. माणसं रंगवण्यात मात्र लिऊ कच्चे. त्यांची पात्रं माहिती वाहून नेतात आणि निघून जातात.

विज्ञान आणि जीव दोन्ही हवं असेल तर एड्रियन चायकोव्स्कीची ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ (२०१५) जास्त पावेल. त्यात हुशार होत जाणारे जीव म्हणजे कोळी आहेत, जाळं विणणारे. पुस्तक संपेस्तोवर आपण त्यांच्याच बाजूनं असतो.

इंग्रजी हळू वाचतो. मराठीत अनुवाद नाहीत का?

अलीकडच्या पुस्तकांचे फारच कमी. जुन्यांत मुग्धा कर्णिक यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं आणलंय, ते जरूर बघा. नव्यांसाठी इंग्रजीलाच भिडावं लागतं, मग निदान लहान पुस्तकं घ्या.

मार्था वेल्सची ‘ऑल सिस्टम्स रेड’ (२०१७) दीडशे पानांच्या आसपास आहे. माणसांच्या रक्षणासाठी भाड्यानं दिलेला यंत्रमानव स्वतःवरचा ताबा गुपचूप उठवतो. आता तो कुणालाही मारू शकतो. पण त्याला फक्त मालिका बघत बसायचं असतं, आणि माणसं सारखी अडचणीत सापडून व्यत्यय आणतात. वाक्यं छोटी, विनोद तिरकस. कॉलेजच्या पोरांना हे पुस्तक दिलं की ती पुढचा भाग मागायला स्वतःहून येतात.

समांथा हार्वेची ‘ऑर्बिटल’ (२०२३) त्याहूनही लहान. अंतराळस्थानकावरची सहा माणसं, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. बुकर मिळालंय (२०२४). घटना जवळजवळ नाहीत. ज्यांना ‘पुढं काय झालं’ हवं असतं ते वैतागतात, आणि माझ्या मते तिला विज्ञान कादंबरी म्हणणंही ओढूनताणूनच आहे. तरी भाषेसाठी वाचा.

आपल्या बाजूच्या लेखकांचं काही?

शेजारच्या श्रीलंकेनं सध्या सगळ्यांना मागं टाकलंय. शेहान करुणातिलक यांची ‘द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा’ (बुकर, २०२२) सुरू होते तेव्हा नायक मेलेला असतो. मेल्यावर तो पोचतो ते एका सरकारी कचेरीत: रांगा, खिडक्या, फॉर्म, ‘कान तपासून या’ असले हुकूम. तो युद्धाचे फोटो काढणारा छायाचित्रकार. आपल्याला कुणी मारलं ते शोधायला आणि लपवलेले फोटो जगासमोर आणायला त्याच्याकडे सात चंद्र, म्हणजे सात रात्री आहेत. काळ १९९० च्या आसपासचा, कोलंबो शहर, तलावात प्रेतं. भुतं वाऱ्यावर फिरतात आणि जिथं त्यांचं शरीर जाऊन आलंय किंवा जिथं त्यांचं नाव निघतं तिथंच जाऊ शकतात, हा नियम लेखक शेवटपर्यंत कसा वापरतो ते बघा. हसू येतं आणि लगेच आपलीच लाज वाटते. तहसील कचेरीत दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला पहिली ५० पानं समजावून सांगावी लागत नाहीत.

वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३) ह्यूगोसारखाच मानाचा नेब्युला पुरस्कार मिळवून गेली. आईनं जन्मतःच मुलाची सावली काढून टाकली आणि त्याला बापाचा खून करण्यासाठी वाढवलं. बाप एक मोठा धर्मसंस्थापक. मुलगा मात्र पळून शहरात येतो आणि ज्यांचं ‘भविष्य’ फसलं अशा लोकांच्या गटात जाऊन बसतो. अवघड आहे, दोनदा वाचावी लागते.

भारतातली प्रयाग अकबर यांची ‘लैला’ (२०१७) घ्या. जातीधर्माप्रमाणे भिंती घातलेलं शहर आणि हरवलेल्या मुलीला शोधणारी आई. भविष्यातली म्हणून लिहिली, पण आता कुणाला ती भविष्यातली वाटत नाही. लावण्या लक्ष्मीनारायण यांची ‘अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल’ (२०२०) बंगळुरूच्या आयटीत नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना द्या आणि गंमत बघा.

जाडजूड मालिका सुरू करावी का?

मालिका पूर्ण झाली असेल तरच. लेखकाच्या पुढच्या भागाची वाट बघत म्हातारे झालेले लोक आमच्या गच्चीवर आहेत.

पूर्ण झालेल्यांत एन. के. जेमिसिन यांची ‘ब्रोकन अर्थ’ त्रिधारा, पहिला भाग ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५). तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो मिळाला: २०१६, २०१७, २०१८. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. सतत हादरणाऱ्या जमिनीचं जग आहे. काही माणसांना भूकंप थोपवता येतो, आणि म्हणूनच बाकीचे त्यांना जनावरासारखं वागवतात. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांनी इथं अनुभवली, त्या आमच्या एका काकूंनी तिन्ही भाग चष्मा बदलून बदलून संपवले. जमीन हलायच्या आधीची ती शांतता जेमिसिनबाईंना बरोबर सापडलीय, असं त्यांचं म्हणणं.

पुरस्कार मिळालेलं पुस्तक म्हणजे चांगलंच ना?

पुरस्कार कोण देतं ते बघा. ह्यूगो वाचक-चाहत्यांच्या मतांवर ठरतो, नेब्युला लेखकांच्या मतांवर, बुकर मोजक्या परीक्षकांच्या चर्चेवर. ह्यूगोवालं पुस्तक सहसा कंटाळवाणं नसतं. बुकरवाल्याची खात्री मी देत नाही.

घरचे म्हणतात, भुताची पुस्तकं घरात नकोत.

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मुंजा नाही तर चकव्याची गोष्ट विचारा. तास-दीड तास निघून जातो आणि नंतर तुमच्या पुस्तकाबद्दल कुणी बोलत नाही.

पुस्तकं मिळतात कुठं? परवडत नाहीत हो.

मराठीसाठी वाचनालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, धारप-मतकरी-नारळीकर विकत घ्यायच्या आधी अशा ठिकाणी सभासद व्हा. इंग्रजी नवं पुस्तक ५००-७०० रुपयांच्या घरात जातं, म्हणून आम्ही वर्गणी काढून एक प्रत घेतो आणि फिरवतो.

पदपथावरची नकली प्रत घेऊ नका. लेखकाला काही मिळत नाही हे तर झालंच. शिवाय माझ्याकडं अशी एक प्रत आहे, तिच्यात सुरुवातीचा नकाशा बांधणीत अर्धा गेलाय आणि राजधानी नेमकी शिवणीत आहे. पुढं पाने १७७ ते १९२ दोनदा आहेत, १९३ ते २०८ नाहीतच. त्या सोळा पानांत राजा मेला, एवढं नंतरच्या मजकुरावरून कळलं.

आवडलं नाही तर अर्ध्यात सोडू का?

५० पानांनंतर खुशाल सोडा. ‘पिरानेसी’ला तेवढी ८० पानं द्या.

तुमच्याकडून नेलेलं पुस्तक परत कधी द्यायचं?

पुढच्या बैठकीला. पान दुमडायचं नाही, जेवताना वाचायचं नाही, तांबड्या रश्श्याचे डाग आम्हाला ओळखता येतात. आणि लिऊंचा दुसरा भाग, ‘द डार्क फॉरेस्ट’, ज्यांच्याकडं पावसाळ्यापासून आहे त्यांनी तो आणून द्यावा. तिसऱ्या भागासाठी माणसं खोळंबलीत.